१९ दिवसही भरले नाहीत आणि पिल्लं निघाली, एकाचा बलक बाहेर आहे. जागं कोणी आहे का?

शिलाईवाली_मानेवाडा | २२ मे, रात्री ११:४७

नमस्कार. कोणी जागं असेल तर वाचा, सकाळपर्यंत थांबण्यासारखं नाही.

मी नागपुरात मानेवाड्याला राहते, घरी ब्लाउज आणि फॉल-पिकोचं काम करते. मागच्या अंगणात सहा गावरान कोंबड्या आहेत. भिवापूरच्या माहेरून ३० अंडी आणली आणि थर्माकोलच्या पेटीत ३ मेच्या संध्याकाळी सहाला बसवली. पेटीत दोन बल्ब, एक लहानसा पंखा आणि ३७.७ अंशांवर लावलेला तापमानाचा कंट्रोलर. कापड आखायच्या खडूने अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून चार वेळा उलटवली, एक पाळी चुकवली नाही. लग्नसराईची गिऱ्हाइकं दारात उभी असतानासुद्धा. सातव्या दिवशी टॉर्चवर धरून पाहिली, सहा कोरी निघाली, राहिली २४. काल संध्याकाळी १८ दिवस भरले म्हणून उलटवणं बंद केलं, पाण्याची एक वाटी वाढवली आणि ठरवलं की आता २४ तारखेपर्यंत झाकणाला हात नाही.

आज दुपारी चारला फॉल लावून राहिली होती तर चिवचिव. मला वाटलं खिडकीत चिमणी. पाहते तर पेटीत एक बाहेर!

आत्तापर्यंत पाच निघाली. दोन ओली आहेत पण मान उचलतात, त्यांची काळजी नाही. तिसऱ्याचे पाय दोन्ही बाजूंना फाकले आहेत, बेडकासारखं पडून आहे. चौथ्याच्या पोटाखाली बोराएवढा पिवळा बलक लोंबून राहिला आहे, त्यावर लाल शिरा दिसतात. आणि पाचवं माझं पाप आहे. आतून चोचीने टोचा मारून तीन तास झाले, पुढे सरकेना, म्हणून मीच नखाने कवच सोललं. आतून रक्त आलं. आता ते नुसतं श्वास घेतंय.

बलक कापायचा की दोऱ्याने बांधायचा? पाणी आत्ता पाजू का? आणखी तीन अंड्यांना टोचा आहे, त्यांचं काय करू? आमचे हे म्हणतात झोप आता. झोप कशी येणार?

रात्रपाळी_कामठी | ११:५८

ताई, कोमट पाण्यात ब्रँडीचा एक थेंब टाकून ड्रॉपरने घशात सोडा. आमच्या इथं एकानं असंच केलं होतं, पिल्लू टुणकन उभं राहिलं.

उमरेडचा_कास्तकार | २३ मे, रात्री १२:०९

कामठीवाले भाऊ, ब्रँडी तुम्हीच घ्या अन् झोपा. अशक्त पिल्ल्याच्या घशात ड्रॉपरनं काहीही सोडलं का ते श्वासनळीत जाते. मग टुणकन उभं राह्यत नाही, आडवं होते.

ताई, पयले हात धुवा. अन् त्या बलकाले काही करू नका. कापू नका, बांधू नका, बोटानं आत ढकलू तर अजिबात नका. तो पिल्ल्याचा डबा हाये. अंड्यात शेवटच्या दोन-तीन दिवसांत तो पोटात ओढल्या जाते, अन् त्याच्यावर पिल्लू बाहेर आल्यावर दोन दिवस काढते. तुमचं पोट्टं डबा आत घ्यायच्या आधीच घरातून निघालं, एवढंच झालं.

एक लहानी वाटी घ्या. जुन्या मऊ सुती कापडाचा तुकडा उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवून पिळा अन् वाटीत अंथरा. त्यात पिल्लू पोटावर बसवा. वाटी अशी पायजे का त्याले उठून फिरता येऊ नये अन् बाकीच्यानं त्या बलकावर चोच मारू नये. पिल्ल्याले लाल-पिवळं दिसलं का ते टोचतेच, त्यात दुष्टपणा काही नाही. वाटी पेटीतच ठेवा. कापड सुकलं का पुन्हा ओलं करा. बेंबीच्या कडेले कापसानं पोविडोन आयोडिन टेकवा, वरून ओतू नका. नशीब असल तर उद्या दुपारपर्यंत आत जाते. शिर फुटली असल तर मात्र आशा कमी.

टोचा मारलेल्या तिघायले हात लावू नका. टोचा मारल्यावर बाहेर याले १२ ते २४ तास लागते. आपल्याले वाटते थकलं बिचारं. ते थकलेलं नसते, पापुद्र्यातलं रक्त अंगात ओढून घेऊन राह्यलं असते. तुम्ही तीन तासांत सोललं म्हणून रक्त आलं. जिथून वाहते तिथं चिमूटभर कॉर्नफ्लोर दाबा अन् त्याले उबेत ठेवा. आता स्वतःले शिव्या देत बसू नका, मी बी पयल्या साली चार मारले असे.

पाण्याची घाई नाही. पूर्ण सुकू द्या.

आता एक सांगा, पेटी घरात कोठी ठेवली?

शिलाईवाली_मानेवाडा | रात्री १२:४०

वाटी केली. ब्लाउजच्या अस्तराचं मलमल होतं, तेच उकळलं. बसलंय शांत.

पेटी शिलाईच्या खोलीत आहे. वर पत्रा. कूलर पुढच्या खोलीत. आणि आता विचारलंच आहे तर सांगते, गेल्या दहा-बारा दिवसांपासून दुपारी पेटीवर ३९.४ दिसायचं, एकदा ४०.१ दिसलं. पण बल्ब तर बंद असायचे! म्हणून मी म्हटलं मीटर बिघडलं असेल, मशीन कुठे तापवून राहिली आहे.

उमरेडचा_कास्तकार | रात्री १२:४६

मायबाई. मीटर बरोबर होतं.

कोंबडी पाह्यली का कधी वैशाखात अंड्यावर? दुपारी उठते, पंख फुलवून अंड्यावर उभी राह्यते, नाही तर चक्कर मारून येते. तुमच्या पेटीले पाय नाहीत.

हॅचरीत_बावीस_वर्षं | सकाळी ६:१५

उमरेडच्या काकाजींनी नेमकं सांगितलं, मी त्यात थोडी भर घालतो. मी हॅचरीत अंडी उबवायचं मशीन (सेटर) आणि पिल्लं निघायचं मशीन (हॅचर) दोन्ही सांभाळली, आता निवृत्त आहे.

ताई, ही पेटी गरम करू शकते, गार करू शकत नाही. कंट्रोलरने आपलं काम केलं, बल्ब बंद केले. त्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही. पत्र्याखालची खोली दुपारी ४२ असेल तर पेटी ३७.७ वर राहणार कशी? त्यात दुसऱ्या आठवड्यानंतर अंड्यातला जीव स्वतःच उष्णता टाकायला लागतो. म्हणजे तुमच्याकडे २४ लहान शेगड्या बंद डब्यात होत्या. हॅचरीत मशीनइतकंच मशीन ठेवलेल्या खोलीचं तापमान सांभाळावं लागतं, कारण मशीन त्याच हवेवर चालतं. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. अशा गावात मे महिन्यात थर्माकोलची पेटी लावायची तर ती घरातल्या सगळ्यात थंड खोलीत हवी.

गर्भाला एखादा अंश जास्त मिळाला की तो घाईने वाढतो. २१ दिवसांचं काम १९ दिवसांत उरकतो, पण उरकतो म्हणजे कच्चंच. पिल्लू लहान, बलक बाहेर नाहीतर अर्धवट आत, बेंबी उघडी, पाय लुळे. याउलट तापमान कमी पडलं तर बाविसावा-तेविसावा दिवस उजाडतो आणि पिल्लं जड, सुस्त निघतात. पिल्लं कोणत्या दिवशी निघाली यावरून मशीनमध्ये काय झालं ते आम्ही ओळखायचो.

दुसरी शंका अंड्यांची. माहेरून आणल्यावर लगेच बसवली की काही दिवस ठेवली होती? एप्रिलअखेर स्वयंपाकघरात ठेवली असतील तर गोंधळ तिथूनच सुरू झाला. पंचविशीच्या वरच गर्भ हळूहळू जागा होतो, रात्री पुन्हा मंदावतो, दुपारी पुन्हा जागा. पेटीत जाण्याआधीच तो दमलेला असतो. बसवायची अंडी १५ ते १८ अंशांवर ठेवतात, आठवड्यापेक्षा जास्त नाही. घरी एवढं थंड कुठे मिळणार? पण मडकं ओल्या वाळूत अर्धं पुरून, वर ओलं फडकं टाकून त्यात अंडी ठेवली तर बराच फरक पडतो.

आता आजचं. पेटी आत्ताच, ऊन चढायच्या आत, कूलरच्या खोलीत न्या. कूलरचा झोत थेट नको. उन्हाळ्यात आपली हवा इतकी कोरडी असते की झाकण उघडलं की पापुद्रा चामड्यासारखा सुकतो आणि पिल्लाला आवळतो. आत ६५ ते ७० टक्के ओलावा हवा. ओला स्पंज ठेवा, पाण्याच्या पसरट ताटलीवर जाळी टाका.

सुकून फुललेल्या पिल्लांना पहिल्या दिवशी पेलाभर पाण्यात सुपारीएवढा गूळ विरघळवून द्या. नुसती चोच पाण्याला टेकवायची, बाकीचं ते शिकतं. भांडं म्हणजे बरणीचं झाकण, त्यात पोरांच्या गोट्या टाका. अशक्त पिल्लू बोटभर पाण्यातसुद्धा बुडतं. दुसऱ्या दिवसापासून गूळ बंद. गूळ जास्त झाला की हगवण लागते.

एक कडू गोष्टही सांगतो. बेंबी ओली, काळसर दिसली, पोट फुगून मऊ लागलं आणि वास आला तर तो बेंबीचा संसर्ग आहे. असं पिल्लू लगेच वेगळं करा. मनाने अँटिबायोटिक देऊ नका, जवळच्या पशुवैद्यकाला दाखवा. तुमच्याकडे सेमिनरी हिल्सला १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मर्तुक वाढली तर तिथे विचारता येईल. हॅचरीत अशी पिल्लं आम्ही निवडून बाजूला काढायचो, ट्रेमागे ट्रे. बावीस वर्षं काढली. त्यामुळे घरी कोणी एकाला वाटीत बसवून रात्र जागवली की मी हसत नाही.

शिलाईवाली_मानेवाडा | २३ मे, दुपारी २:३०

अंडी पाच दिवस गॅसच्या वरच्या फळीवर होती. अजून काही विचारू नका.

सोललेलं पहाटे चारला गेलं. बाकी सांगण्यासारखं नाही.

पेटी सकाळी सातला पुढच्या खोलीत आणली. तिथे दुपारी सासूबाई झोपतात. त्या म्हणाल्या, मागच्या वर्षी माझ्यासाठी कूलर मागितला तर लाइट बिल वाढते म्हणे, आता पिल्लांसाठी सकाळी सातपासून सुरू! खरं आहे, मी काय बोलणार. पण पेटी ३७.८ वर आली आहे आणि तिथेच आहे.

आणि वाटीतला बलक! सकाळी आठला बोराचा वाटाणा झाला होता, साडेबाराला पाहिलं तर नुसता एक काळा ठिपका. मी ओरडलेच. सासूबाई उठून आल्या, चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "याला भूक लागली असेल." काकाजी, तुमच्या डब्याची गोष्ट सांगितली त्यांना.

टोचा मारलेली तिन्ही आपणहून आली. एकूण ११ बाहेर.

आता फाकलेल्या पायांचं सांगा. वर्तमानपत्रावर ठेवलंय.

उमरेडचा_कास्तकार | दुपारी ३:०५

वर्तमानपत्र आधी काढा! गुळगुळीत जागेवर चांगल्या पिल्ल्याचे बी पाय फाकते. पोत्याचा तुकडा टाका, नाही तर खरबरीत टॉवेल. दोन्ही पाय अंगाखाली सरळ येतील असे धरून मधात बोटभर जागा ठेवा अन् चिकटपट्टीनं बांधा, इंग्रजी आठसारखं. दोन-तीन दिवस. लवकर केलं तर सुधरते, आठवड्यानं केलं तर नाही सुधरत.

शिलाईवाली_मानेवाडा | २४ मे, रात्री ९:२०

चिकटपट्टी घरात नव्हती आणि मी शिलाईवाली, मला वाटलं इलॅस्टिक चिकटपट्टीपेक्षा बरं. अर्ध्या सेंटीमीटरचं पांढरं इलॅस्टिक, दोन टाके घातले, दिसायला फार सुबक. आज सकाळी पाहिलं तर एक पाय टम्म सुजलेला. इलॅस्टिक आवळतच राहतं हे मी इतरांना शिकवते, परकराच्या नाडीच्या जागी बारीक इलॅस्टिक घालू नका म्हणून. कापून काढलं. मेडिकलमधून जखमेची चिकटपट्टी आणली, उभी अर्धी कापली, गादीचा भाग मधे ठेवून दोन्ही टोकं पायांना गुंडाळली. सूज उतरली आहे. संध्याकाळी दोन पावलं चाललं, मग तोंडावर पडलं, मग पुन्हा उठलं.

एकूण १५ निघाली. ९ अंड्यांत काही हालचाल नाही, टोचाही नाही. उद्यापर्यंत ठेवते.

बल्बचं कळत नाही. खोक्यात ४० वॅटचा लावलाय. सगळे म्हणतात पहिल्या आठवड्यात ३५ अंश पाहिजे, पण दुपारी पिल्लं बल्बपासून लांब कोपऱ्यात जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकतात.

हॅचरीत_बावीस_वर्षं | रात्री ९:५०

तेच तुमचं थर्मामीटर. बल्बखाली गर्दी करून चिवचिवाट केला तर गारठली, पंख सोडून लांब पळाली तर उकडलं, खोकाभर पसरून निवांत झोपली तर बरोबर. उद्या नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. दुपारी बल्ब बंदच ठेवा, पहाटे तीन ते सहा लावा. कूलरची खोली पहाटे चांगलीच गार होते, ते लोक विसरतात. दर आठवड्याला अडीच-तीन अंश कमी करायचे असं पुस्तकात असतं. इथे ते काम हवामान उलटं करतं.

खायला पहिले दोन दिवस मक्याचा बारीक भरडा, मग चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. आणि ढुंगणाला विष्ठा चिकटून वाळलेली दिसली तर ओढू नका, कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून पुसा. ती जागा बंद झाली तर पिल्लू मरतं.

शिलाईवाली_मानेवाडा | २५ मे, संध्याकाळी ७:१०

दोघांचं तसंच झालं होतं. पुसलं, सुकवलं, खोबरेल लावलं.

आज एक गेलं. सकाळपासून पोट फुगलेलं, वास. डॉक्टरकडे न्यायच्या आधीच. भांडी वेगळी केली, खोक्यातला तूस पूर्ण बदलला.

न फुटलेली ९ उघडली. दोन अर्धवट वाढलेली. बाकी सात पूर्ण पिल्लं, पिसांसकट, पापुद्रा अंगाला घट्ट चिकटलेला. पहिल्या दिवशी मी दर अर्ध्या तासाने झाकण उघडून पाहत होते. तुम्ही कोणी विचारलं नाही, पण मी मोजलं: चार वाजेपासून बारापर्यंत सोळा वेळा.

उमरेडचा_कास्तकार | रात्री ८:००

सगळं त्यानंच नाही झालं. दहा-बारा दिवसाची गरमी आधीच होती. जेवले का?

शिलाईवाली_मानेवाडा | २९ मे, सकाळी ११:१५

१२ आहेत. २६ तारखेला अजून एक गेलं, रात्री खात होतं, सकाळी नव्हतं. काही खूण नाही.

फाकल्या पायाचं आता पळतं, पट्टी काल काढली. वाटीवालं बाकीच्यांपेक्षा लहानच आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बाकीची ४५ ग्रॅमच्या पुढे, हे ३४. पण ताटलीत उभं राहून खातं, म्हणजे अक्षरशः पाय भरड्यात. सासूबाई त्याला वेगळं काढून उकडलेल्या अंड्याचा बलक चारतात. मी म्हटलं आई, कोंबडीला अंडं? त्या म्हणाल्या, डबाच देऊन राहिली आहे ना त्याचा त्याला.

आज लासोटा, म्हणजे राणीखेत रोगाची लस दिली, डोळ्यात एक थेंब. डॉक्टरांनी वाटीवाल्याला मात्र दिली नाही, म्हणाले आठवडाभर थांबा, अंग धरू द्या. लस १०० मात्रांची कुपी येते, लहान नाहीच, आणि एकदा विरघळवली की तासा-दोन तासांत संपवायची, उरलेली फेकायची. माझी ११. म्हणून परवा इथेच लिहिलं होतं की कोणाला हवी असेल तर या. बर्फाच्या थर्मासात ठेवली होती.

तर आज सकाळी साडेआठला फाटकाशी एक जण खोक्यात ३२ पिल्लं घेऊन हजर. कामठीहून, स्कूटरवर, खोक्यावर ओला टॉवेल टाकून. रात्रपाळी करून थेट आले होते, डोळे लाल. हे म्हणाले, कोण जी तुम्ही?

ते म्हणाले, "मी तो ब्रँडीवाला."

चहा दिला. पिल्लं सगळी चांगली होती त्यांची.